वीस सेकंदांचं स्तोत्र

आमच्या घरात भीती बोलून दाखवायची पद्धत नव्हती. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. रोज संध्याकाळी जेवणाआधी कौटुंबिक उपासना व्हायची: एक गीत, एक उतारा, मग वडिलांची प्रार्थना. त्या प्रार्थनेत आभार भरपूर असायचे, मागणंही असायचं, पण ‘देवा, मला भीती वाटते’ असं ते म्हणाल्याचं मला आठवत नाही. कुणी दारात आलं की आई ‘सलाम’ करायची आणि घरात काहीही चाललेलं असो, ‘प्रभूच्या कृपेनं बरं आहे’ हेच सांगायची. भ्यायलं म्हणजे विश्वास कमी पडला, असं आम्हाला कुणी शिकवलं नाही. ते आपोआपच अंगात भिनलं.

डाव्या छातीत गाठ हाताला लागली ती एका रविवारी, चर्चला जायच्या गडबडीत. रात्री ह्यांना सांगितलं. त्याच आठवड्यात नगरमध्ये मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती: बायरॅड्स ४बी. रेडिओलॉजिस्ट बाईंनी नीट समजावलं. शून्य ते सहा अशी श्रेणी असते; चार म्हणजे संशय आहे, तुकडा काढून तपासायलाच हवा. चारमध्येही ए, बी, सी असे भाग आहेत आणि ‘बी’मध्ये कर्करोग निघण्याची शक्यता १० ते ५० टक्के धरतात. ‘म्हणजे काही नसण्याचीच शक्यता जास्त आहे मॅडम,’ त्या म्हणाल्या. हिशोब बरोबर होता. मी शाळेत गणितच शिकवते. पण रात्री दोन वाजता जाग आली की टक्केवारी उपयोगाला येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

बायोप्सीसाठी पुण्याला गेलो. कोअर बायोप्सी म्हणतात ती. जागा बधिर करायचं इंजेक्शन देतात, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत जाड सुई गाठीपर्यंत नेतात आणि घोडा दाबल्यासारखं काहीतरी करतात. डॉक्टरांनी आधी हवेतच एकदा तो खट्ट आवाज ऐकवला, नंतर मी दचकू नये म्हणून. त्या माणसाच्या या एका कृतीबद्दल मी अजून आभार मानते. निघालेले तुकडे बारीक शेवयांसारखे, पांढुरके. ते औषधाच्या बाटलीत टाकले, बाटलीवर माझं नाव लिहिलं आणि नर्सताईने जखमेवर बोळा धरून घट्ट दाबून ठेवला. दुखलं फारसं नाही. त्या बाटलीकडे मात्र बघवेना.

पुढे वाट बघणं. आधी साधा रिपोर्ट येतो आणि तो ‘तसा’ निघाला तर आणखी तपासण्यांना आणखी दिवस. या काळात चर्चच्या मंडळीतल्या बहिणींनी मोबाइलवर वचनांचा पाऊस पाडला. गुलाबाचं फूल, उगवता सूर्य आणि खाली ‘भिऊ नको’. त्यातला एक मेसेज तर पाच जणींकडून आला: बायबलमध्ये ‘भिऊ नका’ हे ३६५ वेळा आलं आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. सवयीने मी शब्दसूची काढून मोजायला बसले. आकडा ३६५ च्या जवळपासही जात नाही. खोटं बोलावं असं कुणाच्या मनात नव्हतं, हे मला कळत होतं. तरी राग आला. माझी भीती खरी होती आणि तिच्यावर लावायला मला बनावट औषध मिळत होतं.

सगळ्यात जास्त आलेलं वचन बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं: ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.’ मेसेजमध्ये ते इथेच तोडलेलं असायचं. एवढंच वाचलं की ते वर्गात मास्तरांनी ‘गप्प बसा’ म्हणावं तसं ऐकू येतं, आणि गप्प बसवलेला वर्ग किती गप्प असतो ते मी रोज बघते.

पाळकसाहेबांच्या पत्नी, त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो, त्या एका दुपारी घरी आल्या. वचन सांगायच्या आधी त्यांनी मला जेवलीस का विचारलं. मग म्हणाल्या, ‘पुढचं वाच की गं. पौल काय करायला सांगतोय ते तर पुढे आहे.’ पुढे असं आहे की सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून, आभार मानून, आपली मागणी देवाला कळवा. बाई म्हणाल्या, ‘देवा सांभाळ, असं मोघम म्हणू नकोस. तुला कशाकशाची भीती वाटते ते एकेक करून त्याच्यापुढे वाच. लाज वाटली तरी वाच.’

मी शाळेतली एक कोरी वही घेतली. पहिल्या दिवशी लिहिलं ते असं: मरण. मग मरणाआधीचं दुखणं. मुलीची बारावी. आईला कोण बघणार. मेडिक्लेम कॅशलेस होईल का. केस. हे एकटे पडले तर रोज वडापाव खातील. शाळेत सगळ्यांना कळेल आणि मुलं माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतील. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं, स्वयंपाकघरात, दार लावून. वडापावपाशी हसू आलं आणि आईपाशी रडू. त्या दोन्हींना प्रार्थना म्हणतात हे मला पंचेचाळिशी उलटून गेल्यावर समजलं.

वहीचा खरा उपयोग दुसऱ्या दिवशी दिसला. मोघम भीतीला धरायला काही नसतं; ती घरभर पसरते. यादी केली की त्यातल्या काही गोष्टी नुसत्या कामाच्या निघतात. मेडिक्लेमसाठी एक फोन करायचा होता, तो केला. आईसाठी भावाशी बोलायचं होतं, ते बोलले. उरलेल्या गोष्टींवर माझा काहीच ताबा नव्हता आणि त्याच देवापुढे ठेवायच्या होत्या. येशूने डोंगरावर सांगितलंच आहे की उद्याची चिंता उद्याला, ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे. लहानपणी हे वचन मला आळशी माणसांच्या सोयीचं वाटायचं. आता लक्षात आलं की दिवसाला दुःख असतं हे त्याने गृहीतच धरलंय. त्याने फक्त माप ठरवून दिलं आहे.

आणि पौल? हे पत्र त्याने तुरुंगातून लिहिलं, हे रविवारच्या शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो सांगतो की त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला आणि तो वाचला नसता तर पौलावर दुःखावर दुःख कोसळलं असतं. दुसऱ्या एका पत्रात तर सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज जाळते असं तो स्वतःच लिहितो. म्हणजे ‘चिंता करू नका’ म्हणणारा माणूस चिंता न करणारा नव्हता. हे मला त्या आठवड्यात ३६५ वचनांपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

रिपोर्ट आला तो कर्करोगाचाच. गाठ लहान होती. ऑपरेशनमध्ये गाठ आणि काखेतल्या काही ग्रंथी काढल्या, ग्रंथींमध्ये काही नव्हतं, केमोची गरज पडली नाही. हे सगळं मी दोन ओळींत उरकते आहे, कारण त्या काळात मला भ्यायला फुरसतच मिळाली नाही. रोज काहीतरी करायचं असायचं, सही करायची, पट्टी बदलायची, नळीतलं पाणी मोजून लिहायचं. भीती रिकाम्या वेळेला येते.

रेडिएशन साधारण तीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. त्या काळात पुण्यात वडगाव शेरीला नणंदेकडे राहिले. डाव्या बाजूच्या छातीवर किरण द्यायचे तर खाली हृदय आहे, म्हणून तिथे श्वास धरायला शिकवतात. छाती भरून श्वास घेतला की फुप्फुस फुगतं आणि हृदय किरणांच्या वाटेतून बाजूला सरकतं. पोटाच्या वरच्या भागावर एक छोटा ठोकळा ठेवतात, कॅमेरा त्याच्यावर नजर ठेवतो. समोर पडद्यावर एक पट्टी दिसते. श्वास घेतला की ती वर चढते आणि हिरव्या चौकटीत आली की तिथेच थांबवायची. साधारण वीस सेकंद. पट्टी चौकटीबाहेर गेली तर यंत्र आपोआप थांबतं. खोलीत आपण एकटे. जाड दार बंद होतं आणि माइकवरून आवाज येतो, ‘श्वास घ्या… धरा…’

पहिल्या दिवशी पट्टी चौकटीत टिकेना. दम कमी पडत नव्हता, छातीत धडधड इतकी होती की श्वास मध्येच सुटायचा. टेक्निशियन मुलगा समजूतदार होता. ‘मावशी, मनातल्या मनात काहीतरी म्हणा, आकडे मोजा,’ म्हणाला. आकडे मोजले की मी वीसकडे डोळे लावून बसायचे आणि बाराला गुदमरायचे. मग तेविसावं स्तोत्र धरलं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ आईने पाठ करून घेतलेलं, झोपेतही येतं. मनात शांतपणे म्हणत गेलं की हिरवी कुरणं, संथ पाणी, ताजातवाना झालेला जीव, असं करत मृत्युच्छायेच्या दरीच्या तोंडाशी पोचेपर्यंत माइकवर ‘सोडा’ ऐकू यायचं. दरी पुढच्या श्वासाला. म्हणजे स्तोत्राचे तुकडे पडले होते आणि रोज त्याच तुकड्यांतून जायचं होतं. कुणी मला विचारलं की प्रार्थनेने तुझी भीती गेली का, तर मी सांगेन की धडधड शेवटच्या दिवसापर्यंत होती. पट्टी मात्र हिरव्यात राहिली.

आजी नेवाशाकडची. ती चालताना, दळण निवडताना सारखं काहीतरी पुटपुटत असायची. ‘प्रभू येशू, दया कर,’ एवढंच, पुन्हा पुन्हा. पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती मठांमध्ये अशीच श्वासाबरोबर म्हणायची छोटी प्रार्थना शतकानुशतकं चालत आली आहे, हे मी खूप नंतर वाचलं. आजीला त्या मठांची काय माहिती! तिच्याकडे ते गावातल्या नामस्मरणातूनच आलं असणार. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली आणि आमच्या चर्चमध्ये आजही टाळ वाजतात, त्याच मातीतलं ते आहे. रात्री जाग आली की मी मोबाइल हातात घ्यायचं सोडून आजीचं वाक्य धरते. मोबाइलवर रात्री तीनला शोधलेल्या गोष्टी सकाळी कधीच बऱ्या निघत नाहीत.

रेडिएशनच्या बाकावर रोज माझ्या आधी एक म्हातारी असायची, श्रीरामपूरकडची, कॅथलिक. गळ्यात रोझरी, हातात पाण्याची बाटली. तिचा आजार हाडांपर्यंत गेला होता आणि तिचं रेडिएशन दुखणं कमी करण्यापुरतं होतं. हे तिला ठाऊक होतं. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, यात्रेला ती लग्न झाल्यापासून दर सप्टेंबरला जात आलेली. मी विचारलं, यंदा काय मागितलं? म्हणाली, ‘म्या तिला सांगितलंय, बरं नाय केलंस तरी चालंल, पर रातच्याला येकटी सोडू नको.’ आणि माझ्या नंबराची हाक आली की माझ्या डोक्यावर हात ठेवून ‘जा पोरी’ म्हणायची. दिवाळीनंतर तिच्या मुलाचा फोन आला. ती गेली.

मी बरी झाल्यावर मंडळीत साक्ष द्यायला सांगितलं. कुणीतरी आधीच जाहीर करून टाकलं, ‘बहिणीच्या विश्वासामुळे प्रभूने बरं केलं.’ माझ्या डोळ्यांसमोर म्हातारी आली. तिच्या विश्वासात काय कमी होतं? माझ्यापेक्षा तिचा शंभर पटीने जास्त होता. साक्षीच्या सभेत बरे झालेलेच उभे राहतात. जे गेले त्यांची साक्ष कोण देणार? मी उभी राहून देवाचे आभार मानले, डॉक्टरांचे मानले, लवकर तपासणी झाली म्हणून गाठ लहान सापडली हे ठासून सांगितलं आणि बसले. काही जणींना ते कोरडं वाटलं. वाटू दे. ‘विश्वास ठेव, गाठ विरघळेल’ असं सांगून बायकांना तपासणीपासून लांब ठेवणारी माणसं आपल्यात आहेत आणि त्यांच्यासमोर तेवढंच बोलणं मला योग्य वाटलं.

लहानपणी शाळेची सहल केडगावला मुक्ती मिशनला गेली होती. नगरचं केडगाव नव्हे, दौंडच्या पुढचं. तिथे पंडिता रमाबाईंबद्दल सांगितलेलं तेव्हा डोक्यावरून गेलं. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली. भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, १८८२ मध्ये, नवरा पटकीने गेला. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर देवाने त्यांचं सगळं सुरळीत केलं असं काही झालं नाही. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. शेवटच्या वर्षांत त्या मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल तयार करत होत्या. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि ते भाषांतर १९२४ साली बाहेर आलं. विश्वास ठेवला की वाईट होत नाही, असं रमाबाईंच्या चरित्रावरून कुणी सिद्ध करून दाखवावं.

मग विश्वास करतो तरी काय? माझ्यापुरतं सांगते. भीती कुणाला तरी सांगायची सोय झाली. आणि ती एकटीने सांगावी लागली नाही. पकडलं जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः अति कष्टी झाला होता. त्याने पेत्र, याकोब आणि योहानाला सोबत नेलं, माझ्याबरोबर जागे राहा म्हणाला. ते झोपले, ती गोष्ट वेगळी. पण देवाच्या पुत्राला सोबत मागायची लाज वाटली नाही. मग मी तरी कशाला वाटून घ्यायची? स्तोत्रसंहितेत जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं रडगाण्याचीच आहेत. तेराव्यात ‘कोठवर’ चार वेळा विचारलं आहे आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. ही स्तोत्रं आमच्याकडे रविवारी फारशी कुणी वाचत नाही. माझी सूचना आहे की वाचावीत.

उपचार संपल्यावर सगळ्यांना वाटलं, सुटली. आणि नेमकी तेव्हा भीती ठाण मांडून बसली. पाठ दुखली की हाडात गेलं. खोकला आला की फुप्फुसात. झोप उडाली, वर्गात फळ्यासमोर हात कापायला लागला. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी एक गोळी सुरू केली, परिणाम दिसायला काही आठवडे लागतील असं सांगितलं आणि समुपदेशन सुरू झालं. चर्चमधल्या एकाने, माणूस वाईट नाही, ‘प्रार्थना पुरत नाही का?’ असं विचारलं. मी त्याला बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचायला सांगितलं. एलीया संदेष्टा जीव वाचवायला पळतो, रानात झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो. एलीया पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवून खायला घालतो. देवाचं बोलणं त्यानंतर, तेही डोंगरापर्यंत चालून गेल्यावर. माझी भाकर त्या वेळी गोळीच्या पाकिटात होती. वर्षाच्या आत ती डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. कर्करोग उलटू नये म्हणून घ्यायची टॅमोक्सिफेनची गोळी चालू आहे, ती पाच वर्षं.

आता तपासणीच्या आधीचा आठवडा वाईट जातो. हे बहुधा असंच राहील. त्या आठवड्यात वही काढते. यादी पूर्वीपेक्षा लहान असते, पण ‘मरण’ दरवेळी पहिल्या ओळीवर. आई आता चौऱ्याऐंशीची आहे. तपासणीच्या दिवशी तिला चर्चमध्ये न्यायला जमत नाही म्हणून ती घरीच खुर्चीत बसून माझ्या वेळेला प्रार्थना करते. वेळ मात्र मिनिटासकट विचारून घेते आणि दवाखान्यात उशीर झाला तर फोन करून नवी वेळ विचारते. गेल्या खेपेला नंबर तासभर लांबला, तर म्हणाली, ‘अगं मग आधी सांगायचंस, मी चहा घेतला असता.’ आयुष्यात पहिल्यांदा तिने मला हेही सांगितलं की माझ्या ऑपरेशनच्या दिवशी तिला इतकी भीती वाटली होती की गीताचे शब्द आठवेनात, तेव्हा तिने नुसती चाल गुणगुणली.

मंडळीतल्या एका मुलीला, तिशीतली असेल, आता तसाच रिपोर्ट आला आहे. पुढच्या मंगळवारी बायोप्सी. ती परवा उपासनेनंतर थांबली आणि हळूच म्हणाली, ‘ताई, घाबरले तर चालेल ना?’ मी म्हटलं, चालेल. पुढून उघडणारा कुर्ता घाल, वेळ कळव, मी सोबत येते. आणि रिपोर्ट मोबाइलवर आला तर एकटीने उघडू नकोस.